आठव्या वचनापाशी

रविवारची उपासना संपली की पाळकाने दारात उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवायचा, असा आमच्या मंडळीत रिवाज आहे. म्हातारी माणसं ‘सलाम’ म्हणतात, तरुण पोरं ‘प्रेज द लॉर्ड’ म्हणतात, आणि ज्यांना काही विचारायचं असतं ती रांगेच्या शेवटी रेंगाळतात. त्या रविवारी शेवटी एक बाई उभी होती, शेजारी तिचा अकरा वर्षांचा मुलगा. मुलाला टाइप वन मधुमेह. दिवसातून चार वेळा इन्सुलिन. बाई सांगू लागली की तालुक्याला चंगाई सभा झाली, तिथल्या पास्टरांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, मूल बरं झालं, आता सुई टोचाल तर तो देवावर अविश्वास. मार्कच्या सोळाव्या अध्यायातलं वचनही त्यांनी काढून दाखवलं, विश्वास ठेवणाऱ्यांनी आजाऱ्यांवर हात ठेवले की ते बरे होतात असं जिथे येतं ते.

“पाळकसाहेब, खरं आहे का हे?”

मी काय उत्तर दिलं ते लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, वचनाचा संदर्भ पाहावा लागेल, त्या भागाविषयी अभ्यासकांमध्ये थोडे मतभेद आहेत, औषध तर सोडू नकाच, पण बुधवारी बायबल अभ्यासाला या म्हणजे सविस्तर बोलता येईल. कामाचे शब्द चार होते. ते मी कुठे लपवले होते ते दिसतंच आहे.

तीन पावलांवर माझी मावशी ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक छातीशी धरून उभी होती. तिने ऐकलं, काही बोलली नाही. संध्याकाळी सहाला रिक्षा करून त्या बाईचं घर गाठलं, “सुई आधी, प्रार्थना लगेच मागोमाग, दोन्ही रोज” असं सांगितलं, आणि पोराला इन्सुलिन टोचून होईपर्यंत तिथून उठली नाही.

हे मला सोमवारी कळलं, तिच्या ओसरीवर. ती मेथी निवडत होती. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. शब्बाथशाळेतून मात्र तिला कोणी निवृत्त करू शकलेलं नाही. देवळात ती मला ‘पाळकसाहेब’ म्हणते, घरी ‘अरे’. दोन्हींतला मोठा हुद्दा कोणता ते मी जाणून आहे.

“सुई बंद केली तर पोर जाईल, हे तुला माहीत होतं ना?”

“होतं. इन्सुलिन तोडलं की काही दिवसांतच जिवावर बेततं.”

“मग?”

“मी खोटं काही बोललो नाही, मावशी.”

“खोटं कुठे म्हणतेय मी? तू तिला बुधवारी ये म्हणालास. रविवार ते बुधवार किती सुया होतात, मोज.”

मी मोजल्या नाहीत. पण रात्रभर डोक्यात घोळत असलेली गोष्ट होती, ती काढली. “एक विचारू? त्या पास्टरने तिला ठाम सांगितलं. तूही ठामच सांगितलंस. तुझं बरोबर होतं हे तुला-मला कळतं. तिला कशावरून कळावं? तिच्या लेखी आधी एक ठाम माणूस आला, मग दुसरं. उद्या तुझ्याहून ठाम तिसरा आला तर ती त्याच्या मागे जाईल. लोक म्हणतात, पाळकाने स्पष्ट शिकवावं. स्पष्ट तर तोच शिकवतो! त्याच्याइतकं स्पष्ट मला कधी जमलं नाही. तंबू भरतात ते उगाच का?”

मावशीचा हात थांबला. प्रश्न बोचला की ती निवडणं थांबवते, ही तिची लहानपणापासून माहीत असलेली खूण.

“तो म्हणाला, डॉक्टरला यातलं काही सांगू नका,” ती सावकाश म्हणाली. “मी म्हणाले, उद्या सकाळी डॉक्टरकडे जा आणि मावशी म्हणते ते बरोबर आहे का ते विचारून ये. ती गेली होती आज.”

मला बिरुया आठवलं. प्रेषितांच्या कृत्यांत आहे. पौल तिथे जाऊन उपदेश करतो, आणि तिथले लोक रोज शास्त्र उघडून बसतात, हा म्हणतो तसं खरंच आहे का ते ताडून पाहायला. साक्षात पौलाची तपासणी! लिहिणारा लूक त्यांना उद्धट म्हणत नाही, मोठ्या मनाचे म्हणतो.

“लूक वैद्य होता,” मावशी म्हणाली. “त्याला तपासणीचं काय वाटायचं?” मग तिचा सूर बदलला. “आणि पौलाचं काय घेऊन बसलास? तीमथ्याच्या दुखऱ्या पोटासाठी त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, हात ठेवून बरं केलं नाही. त्रफिम आजारी पडला तर त्याला मिलेतात तसाच मागे ठेवून पुढे गेला. हिज्कीया राजाच्या गळवावर यशयाने अंजिरांचा लेप लावायला सांगितला. शब्बाथशाळेतल्या पोरांना येतं हे. पौलाच्या सोबत्यालाही आजारी राहावं लागलं, एवढं तू दारात म्हणाला असतास तर त्या बाईला दुसरं काही लागलं नसतं. का नाही म्हणालास?”

“वचनावर वचन टाकायला मला आवडत नाही. पत्ते खेळल्यासारखं वाटतं. त्याच्याकडेही पानं आहेतच.”

“हे कारण नाही.”

नव्हतंच. जी गोष्ट सेमिनरी सोडल्यापासून अकरा वर्षांत मी मंडळीत कोणालाही सांगितली नव्हती ती तिला सांगितली. पुण्याला ग्रीकच्या वर्गात आम्ही मार्कचा शेवट शिकलो होतो. नव्या कराराच्या सगळ्यांत जुन्या मोठ्या हस्तलिखितांपैकी दोन चौथ्या शतकातली आहेत. एक व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. दुसरं सिनाय पर्वताच्या पायथ्याच्या मठात टिशेनडॉर्फ नावाच्या जर्मन पंडिताच्या हाती एकोणिसाव्या शतकात लागलं, आणि त्याचा बहुतेक भाग आता लंडनमध्ये आहे. या दोन्हींत मार्कचं शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी संपतं. नऊ ते वीस तिथे नाहीतच. ती वचनं नंतरच्या असंख्य प्रतींत येतात. आहेत फार जुनी, दुसऱ्या शतकातला इरेनियस त्यातलं एक मार्कचं म्हणूनच देतो. तरीही भाषा वेगळी, सांधा वेगळा, आणि बहुतेक अभ्यासकांचं मत असं की ती मार्कच्या हातची नाहीत.

“त्या पास्टरने दाखवलेलं वचन अठरावं,” मी म्हणालो. “त्याच वचनात सर्प उचलण्याचं आणि विष बाधणार नाही असंही आहे. अमेरिकेत ॲपलेशियन डोंगरांत काही मंडळ्या त्यावरून उपासनेत जिवंत विषारी साप हातात घेतात. ती चाल पसरवणारा जॉर्ज हेन्सली १९५५ साली साप चावूनच गेला.”

“आणि हा आपला पास्टर धरतो का साप?”

“नाही.”

“वचन तर तेच.” मावशीने जुडी आपटली. “सुई सोडायची ती दुसऱ्याच्या पोराची. साप मात्र कोणीतरी अमेरिकेतल्याने धरायचा!”

मला वाटलं, आता ती माझ्या बाजूला आली. पण नऊ ते वीस हे आकडे तिच्या मनात घुसत गेले आणि चेहरा उतरला.

“म्हणजे पंधरावंही?”

“पंधरावंही.”

सर्व जगात जाऊन शुभवर्तमानाची घोषणा करण्याची आज्ञा पंधराव्या वचनात आहे. मावशीचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गावोगाव सायकलवर फिरून उपदेश करणारे. त्यांच्या थडग्यावर नावाखाली दुसरं काही नाही, फक्त ‘मार्क १६:१५’ कोरलेलं. लहानपणी दर ईस्टरला आम्ही पोरं त्या आकड्यांमधली धूळ काडीने काढायचो.

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “हे तू पुलपिटावरून सांगू नकोस.”

“बघ, आता तूच…”

“मी काय?”

“आत्ता तू म्हणालीस, तो वाईट, कारण तो विचारू देत नाही. आणि माझ्याजवळ जे आहे ते मी दडवून ठेवावं असंही म्हणतेस. उद्या त्या बाईच्या पोराने मोबाइलवर वाचलं, की या बारा वचनांविषयी शंका आहे, आणि पाळकाला ते पहिल्यापासून ठाऊक होतं, तर ते माझ्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवील? औषध सोडू नकोस यावर तरी?”

मावशीला वादात हरायची सवय नाही. ती विषय बदलते आणि दुसऱ्या दाराने आत येते. “तुझ्या पणजीने केडगावला खिळे जुळवले,” ती म्हणाली.

खिळे म्हणजे छापखान्याचे, शिशाचे. ही आमच्या घरातली मोठी अभिमानाची गोष्ट. पणजी दुष्काळात अनाथ होऊन पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात आली आणि तिथल्या छापखान्यात कामाला लागली. मावशीला म्हणायचं होतं की आपल्या घराने शास्त्र हाताने घडवलंय, त्याला टाचणी लावू नकोस. पण रमाबाईंचं नाव निघाल्यावर मलाच बळ आलं. कारण शिकवण स्पष्ट हवी की खात्रीची हवी, आणि खात्री कोणाच्या शब्दावर, यावर रमाबाईंइतकं झगडलेलं मराठी ख्रिस्ती माणूस मला दुसरं दिसत नाही.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात असताना त्यांचा आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांचा जो पत्रव्यवहार झाला तो आज छापलेला आहे, आणि प्रत्येक पाळकाने वाचावा असा आहे. त्रैक्य, ख्रिस्ताचं देवपण, चर्चची सत्ता, एकेका गोष्टीवर रमाबाई विचारतात: हे कुठे लिहिलंय, आणि लिहिलंय त्याचा अर्थ हाच कशावरून? जेराल्डिनला ते पोरीचं अहंकारी वागणं वाटतं. रमाबाईंचं म्हणणं असं, की इकडच्या भटभिक्षुकांचं जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, ते तिकडच्या पाद्र्यांच्या नावाने पुन्हा घालून घेणार नाही. त्या काळी इतके पंथ त्यांना आपापलं खरं सांगत होते की डोकं गरगरावं, आणि त्या सगळ्यांत स्वतःचा शोध त्यांना वर्षानुवर्षं चालू ठेवावा लागला.

“आणि जेराल्डिन?” मावशीने विचारलं. “तिचं काहीच बरोबर नव्हतं?”

“तिला आज्ञापालन हवं होतं.”

“तिला ती पोरगी बुडू नये असं वाटत होतं. पाण्यात पडलेल्याला आधी हात द्यावा लागतो, पोहायचं शास्त्र नंतर. हे तुझ्या कसं लक्षात येत नाही? कालच तर त्या दारात…”

ती थांबली, कारण दोघांच्याही लक्षात एकदमच आलं, की कालच्या दारात जेराल्डिनसारखं वागायला हवं होतं, आणि वागली ती मावशी.

थोडा आडवळणाचा पण मला मोलाचा वाटणारा एक मुद्दा इथेच सांगतो. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं. मराठीतलं हे पहिलं मोठं ख्रिस्ती काव्य, आणि त्यात पाद्री-गुरू एकटाच बोलत सुटत नाही. श्रोते मध्ये शंका काढतात, गुरू उत्तर देतो, कथा पुढे सरकते. आपल्या पुराणांची ही रीत स्टीफन्सने अचूक उचलली. पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसलेलं होतं. शंका पोथीत चालायची, बाहेर तिला हद्द होती. आमच्या मंडळ्यांत इन्क्विझिशन कधी नव्हतं. हद्द मात्र आहे, आणि ती आम्ही पाळकांनीच प्रेमाने आखलेली आहे.

“बरं, मग रमाबाईंनी पुढे काय केलं?” मावशीला ठाऊक होतं, पण तिला माझ्या तोंडून हवं होतं.

“हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. सबंध बायबल स्वतः मराठीत आणायला घेतलं, जडजंबाल संस्कृत शब्द टाळून, खेड्यातल्या बाईला समजेल असं. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.”

“आणि ते वाचतं कोण? आपल्या देवळात आहे का एक तरी प्रत?”

“नाही. मंडळ्यांत ते फारसं रुळलं नाही.”

“इतकं सोपं करूनही?”

“मला वाटतं, ते एकीचं काम होतं. कितीही मोठी बाई असली तरी एकीचं. अनेकांनी बसून, भांडून, घासून घेतलेलं नव्हतं. सोपं झालं म्हणून लगेच आपलं होत नाही.”

“मला दुसरं वाटतं. लोकांना आधीचे शब्द पाठ होते. मरणाऱ्याच्या उशाशी कोणी नवं भाषांतर वाचत नाही. पाठ शब्दाला किती वजन असतं, ते शिकवलं नाही का तुमच्या ग्रीकच्या वर्गात?”

नव्हतं शिकवलं. ती पुन्हा थडग्याशी पोचली होती, आणि या वेळी मला उत्तर सुचेना.

मी म्हटलं, “१९७० साली नागपूरला सहा चर्चसंस्था एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. तू तेव्हा मोठी होतीस. कोणी तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे, कोणी जाणत्या वयातच देणारे. दोन्ही ठेवले. याबाबत आमच्यात दोन उत्तरं आहेत, हेच स्पष्ट सांगितलं. कोणाचा विश्वास गेला का त्यामुळे? मग दोन जुन्या प्रतींत ही वचनं नाहीत, हेही सांगता येईल की.”

“बाप्तिस्म्यावरून कोणाची साखर चढत नाही.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. त्या बाईने पाठवलं होतं: जेवणाआधी १४२, सुई झाली, आता भाकरी खातोय. मावशीने चष्मा वर करून ते दोनदा वाचलं आणि एक अंगठा पाठवला. अंगठा पाठवायला ती नुकतीच शिकली आहे, सगळ्यांना सगळ्यावर पाठवते.

फोन ठेवून ती म्हणाली, “तू बुधवारी ये म्हणालास तिला. बुधवारी तरी हे कधी सांगितलंस?”

“कोणतं?”

“दोन जुन्या प्रतींचं.”

“नाही.”

“अकरा वर्षांत एका बुधवारी?”

“नाही.”

“म्हणजे दारात, जिथे चार शब्द पुरे होते, तिथे तू अभ्यासक काढलेस. आणि अभ्यासाच्या वर्गात अभ्यासक कुलपात.”

हे मी आजवर कधी असं जोडून पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, आपल्याला जास्त माहीत आहे म्हणून आपण अडखळतो. प्रामाणिक माणसाची जीभ जडच असते, असंही मी स्वतःला समजावलेलं. खरं तर जी गोष्ट बुधवारी कधी मोकळेपणाने बोललो नव्हतो, ती रविवारी दारात आयत्या वेळी घशात अडकली होती. मंडळीला ती आधीच ठाऊक असती, तर त्या बाईला मी नुसतं ‘सुई सोडायची नाही’ म्हणालो असतो, आणि तिनेच विचारलं असतं, ते शंकेतलं वचन ना पाळकसाहेब? कदाचित तंबूतच विचारलं असतं. याकोबाच्या पत्रात आहे, की तुमच्यापैकी फार जणांनी शिक्षक होऊ नये, शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल. इतकी वर्षं मी ते वाचून त्या पास्टरसारख्यांचा विचार करत होतो.

“पण आजोबांचं काय?” मी विचारलं. माझ्या परीने ती शरणागती होती.

“ते गेले ना सायकलवर, गावोगाव? ते मार्कने लिहिलं म्हणून गेले की कोणी लिहिलं म्हणून, ते त्यांचं ते बघतील.” मग जरा वेळाने, “मत्तयात आहेच तसं. शेवटच्या अध्यायात. पण दगड मी बदलणार नाही.”

“बदल कोण म्हणतंय?”

“नाही, आधीच सांगून ठेवते.”

ती आत गेली आणि तिचं बायबल घेऊन आली. पुठ्ठा दोनदा बांधलेलं, समासात पेन्सिलीच्या खुणा, मधे एक पिंपळाचं जाळीदार पान. मार्कचा शेवट काढून तिने माझ्यापुढे धरला. तिच्या प्रतीत तळटीप नव्हती, कंस नव्हता, आठव्या वचनामागून नववं सरळ येत होतं.

“आठपर्यंत वाच. आणि तिथे थांब, तुझ्या त्या प्रतींसारखं.”

मी वाचलं. पहाटे बायका कबरेकडे जातात, धोंडा बाजूला लोटलेला दिसतो, आत पांढऱ्या झग्यातला तरुण बसलेला असतो, तो त्यांना सांगतो की येशू उठला आहे, जा आणि शिष्यांना कळवा. त्या कापत कापत पळत सुटतात, आणि भीतीमुळे कोणाला काही सांगत नाहीत. तिथे मी थांबलो.

“एवढंच?”

“एवढंच.”

“कोणाला काही सांगत नाहीत?”

“असं लिहिलंय.”

मावशीने पुस्तक आपल्याकडे वळवलं आणि बोट त्या ओळीवर ठेवून पुन्हा वाचलं, ओठ हलवत, शब्बाथशाळेतल्या पोरांसारखं.

“मग आपल्याला कळलं कसं?”

मी तोंड उघडलं. यावर टीकाकारांनी काय काय म्हटलंय ते मला बऱ्यापैकी येतं.

“आत्ता नको,” ती म्हणाली. “बुधवारी विचार. सगळ्यांना. मी तिला घेऊन येते.”